नावं लिहिताना आलेला फोन

"गो बाय, ह्या कागदावर माजं वाटोळं कुठाय?"

लॅबच्या खिडकीशी एक बाई उभी होती. हातात मी तासाभरापूर्वीच दिलेला रिपोर्ट. मी मायक्रोस्कोपमधून डोळे न काढताच विचारलं, "कसलं वाटोळं, मावशी?"

"अक्षर. माजा गुरुप वाटोळा हाय. ह्याला तर दोन पोटं हायत."

मी रिपोर्ट हातात घेतला. सुनंदा पावसकर, वय पंचेचाळीस, ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बी आणि ओ यांच्या आकारातला फरक त्यांना बरोबर कळत होता.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन होते. सोळा वर्षं नोकरी झाली होती. एवढ्या वर्षांत माझा एकही ग्रुप चुकला नव्हता, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता. म्हणून मी म्हणाले, "मावशी, टेस्ट करून लिहिलंय. तुमच्या लक्षात चुकीचं राहिलं असेल."

"कसं चुकंल? धाकट्याच्या टायमाला मला बाटली लावलेली. तवा डाक्टरनी कागदावर काढून दाखवला. म्हनाले, हा वाटोळा ध्यानात ठेव."

मी उत्तर देणार तोच कोटाच्या खिशात फोन वाजला. मी तो उचलला. मिस्टर विचारत होते, बाजारात बांगडे बरे दिसतायत, घेऊ का? मी म्हटलं घ्या. मग किती घेऊ, साफ करून घेऊ का, असं करत दोन-तीन मिनिटं गेली. सुनंदाबाई खिडकीशी तशाच उभ्या. फोन ठेवल्यावर त्यांनी सरळ आपलं बोट खिडकीतून आत घातलं.

"आदी माजं बग. फोन मागनं कर. घे परत रगात."

त्यांच्या समाधानासाठी मी बोट टोचलं. ग्रुपची टेस्ट अगदी साधी असते. काचेच्या पट्टीवर रक्ताचे थेंब ठेवायचे. एकात निळं औषध घालायचं, दुसऱ्यात पिवळं. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी. दोन्हींत काहीच झालं नाही तर ओ. मी पट्टी हलवत राहिले. पिवळ्या थेंबात गुठळ्या दिसायची वाट बघत होते. त्या आल्याच नाहीत. औषधात काही गडबड असेल म्हणून नवी बाटली फोडली. तरी नाही.

सुनंदाबाई ओ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. अंगात रक्त कमी, म्हणून त्याच संध्याकाळी एक बाटली चढवायची ठरली होती. ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त दिलं, तर शरीर त्या रक्तावर तुटून पडतं. दिलेल्या पेशी फुटतात, किडनी बंद पडते, माणूस दगावतो. ब्लड बँकेत रक्त देण्याआधी क्रॉसमॅच करतात, म्हणजे बाटलीतलं रक्त आणि पेशंटचं रक्त एकमेकांना चालतं का ते बघतात. पण तो आम्ही पाठवलेल्या नमुन्यावर करतात. मी सुनंदाबाईंच्या नावाने दुसऱ्याच कोणाचं रक्त पाठवलं असेल, तर तिथली तपासणी कितीही नीट झाली तरी चूक सापडणार नव्हती. उलट माझी चूक बरोबर ठरली असती.

आणि तो नमुना घेऊन त्यांचे दीर अर्ध्या तासापूर्वीच ब्लड बँकेत गेले होते.

मी खिशातला फोन काढला आणि ब्लड बँकेला लावला. "पावसकर नावाने आलेला नमुना थांबवा. लेबल चुकलंय." पलीकडून आवाज आला, "आत्ताच नोंद केलीय. बाजूला ठेवतो." मी खुर्चीत बसले. फोनने घात केला असं मी नंतर खूपदा म्हणाले, पण त्याच फोनने ती बाटली थांबवली हेही खरं आहे.

आता चूक शोधायची होती. वॉर्डमध्ये सुनंदाबाईंच्या शेजारच्या कॉटवर सुनीता पावसकर होती. तेवीस वर्षांची, सिझेरियनसाठी आलेली. आडनाव एक, गावं वेगळी, नात्याने कोणी कोणाची नाही. आमच्याकडे हे नेहमीचंच. मी वर जाऊन तिचं रक्त पुन्हा घेतलं. ती बी निघाली. तिच्या रिपोर्टवर मी ओ लिहिलं होतं.

मग मला सकाळचं सगळं आठवलं. दोघींचं रक्त काढून मी रक्ताच्या दोन काचेच्या नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. डावीकडची सुनंदा, उजवीकडची सुनीता. नावं लिहायला पेन उघडलं आणि फोन वाजला. वॉर्डमध्ये नीट रेंज फक्त खिडकीपाशी यायची. मी ट्रे घेऊनच खिडकीशी गेले, तो कठड्यावर ठेवला, बोलले. ट्रे उचलून परत आले आणि नावं लिहिली. या जाण्यायेण्यात ट्रे फिरला होता. डावीकडची नळी उजवीकडे गेली होती.

त्या वर्षी मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं होतं. आधी येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे म्हणून लोक तो कापायचे, आता उचलून बसायचे. हॉस्पिटलने मला फोन दिला तो जिन्याची चढउतार वाचावी म्हणून. लॅब तळमजल्यावर, ऑपरेशन थिएटर दुसऱ्या मजल्यावर. नेने डॉक्टर, म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मालक, वरूनच विचारायचे, "सुरेखा, हिमोग्लोबिन किती आलं?" मग घरचे, बहीण, मैत्रिणी, सगळ्यांना नंबर मिळाला. मेसेजवर विनोद यायचे. सापाचा गेम होता. खरं सांगायचं तर, फोन वाजला नाही तरी मी दर पाच मिनिटांनी तो काढून बघायचे.

नवे रिपोर्ट लिहिले. जुने दोन्ही माझ्या हातात होते. फाडून टाकले असते तर कोणाला कळलं नसतं. सुनंदाबाईंना फक्त त्यांचं वाटोळं अक्षर हवं होतं, ते मिळालं असतं. ते कागद हातात धरून मी जिन्यात पाचेक मिनिटं तरी उभी होते. मग वर गेले.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते तापट म्हणून प्रसिद्ध होते. मी नोकरी गेली असंच धरून चालले होते.

"नावं लिहिताना फोन आला म्हणालीस. किती वाजता?"

"साडेनऊच्या सुमारास, सर."

"कोणाचा?"

मी जुने रिपोर्ट टेबलावर ठेवले. त्यांनी टेबलावरचा स्वतःचा फोन उचलला, चष्मा कपाळावर सरकवून बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरला. केलेल्या कॉल्सच्या यादीत माझं नाव होतं. नऊ बत्तीस.

"तीन नंबरच्या पेशंटची शुगर विचारली मी. ती मला दुपारपर्यंत लागणारही नव्हती." त्यांनी फोन खाली ठेवला. "ट्रे तू फिरवलास, पण हाक मी मारली. चल, बाईंना सांगून येऊ."

"सर, त्यांना सांगायचं?"

"रक्त त्यांचं आहे."

आम्ही दोघं वॉर्डमध्ये गेलो. डॉक्टर स्वतः स्टूल ओढून बसले आणि झालेलं सगळं साध्या शब्दांत सांगितलं. मग शेजारच्या कॉटकडे वळून सुनीतालाही सांगितलं. सुनीताच्या आईने पदर तोंडाला लावला. सुनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे आता हिची नोकरी जानार काय?"

"नाही."

"मग झालं. माजं काय, मी जित्ती हाय."

मी तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत पेशंटसमोर मला रडू आल्याचं ते एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून काही गोष्टी बदलल्या. नळीवर नाव पेशंटच्या कॉटशेजारीच लिहायचं, तेही पेशंटने स्वतःच्या तोंडाने नाव आणि गाव सांगितल्यावर. एका ट्रेमध्ये एकच नळी. माझा फोन सकाळी रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये जायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मला मिळायचा. लॅबमधल्या लँडलाइनचा आवाज बंद केला. घाई असेल तर माणूस पाठवायचा. डॉक्टरांचा फोन तिथे माझ्याआधीच ठेवलेला असायचा. राउंड आणि ऑपरेशनं आटोपेपर्यंत तो तिथेच राहायचा.

पहिला आठवडा वाईट गेला. हात आपोआप खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. वाजला नसलेला फोन ऐकू यायचा. मिस्टर चिडले, "समज, महत्त्वाचं काही असलं तर?" मी त्यांना रिसेप्शनचा नंबर दिला. महिनाभरात त्या नंबरवर त्यांचा एकच फोन आला, तोही गॅसच्या पावतीसाठी. बाहेरून येणारे एक सर्जन कुरकुरले, रिपोर्टला वेळ लागतो म्हणाले. नेने डॉक्टर त्यांना म्हणाले, "जिना उतरा. मीही उतरतो." आणि ते खरंच उतरायचे. साठीचा माणूस, गुडघे दुखायचे, पण रिपोर्ट न्यायला स्वतः लॅबच्या दारात येऊन उभे राहायचे. मी काम करत असले तर मान वर करेपर्यंत बोलायचे नाहीत.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की दुपारी डोकं दुखायचं थांबलंय. पूर्वी संध्याकाळी सातपर्यंत चालणारं काम पाचला संपायला लागलं. पट्टीवर थेंब ठेवला की मी तो थेंबच बघत असे. नोकरीच्या पहिल्या वर्षात असंच काम करायचे, मधे कधी ते सुटलं होतं ते मला कळलंही नव्हतं.

सुनंदाबाईंना ओ गटाचं रक्त मिळालं, ऑपरेशन नीट झालं, त्या आठव्या दिवशी घरी गेल्या. सुनीताला मुलगी झाली. तिला रक्त लागलंच नाही.

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं त्याच लॅबमध्ये काढली. शिकायला येणाऱ्या मुली विचारायच्या, "मॅडम, फोन ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय तुम्हाला लागली कशी? आमच्याने नाही होत." त्यांना मनाचा निग्रह वगैरे काहीतरी ऐकायचं असायचं. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. त्या दिवशी डॉक्टर माझ्यावर ओरडले असते, तर मी दुसऱ्या दिवसापासून फोन लपवून वापरला असता. त्यांनी आधी स्वतःचा फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. मग माझा बाहेर ठेवायची मला लाज वाटली.