दुसरा सँपल

टिकाराम शिवणकरला उतावळी माणसं अजिबात खपत नसत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात सत्तावीस वर्षं त्याने नोकरीच मुळी उतावळ्या माणसांना थोपवून धरण्याची केली. तो प्रयोगशाळेत. भट्टीत पोलादाचा एक घाणा शिजत आला, की तिथले लोक त्यातला चिमुकला नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात. घाण्याला तिथे हीट म्हणतात आणि नमुन्याला सँपल. टिकारामने सँपल घासायचा, मशीनवर ठेवायचा, कार्बन किती, गंधक किती ते बघून भट्टीला कळवायचं. तेवढी चार-पाच मिनिटं भट्टीवाल्यांचा जीव टांगणीला.

आणि भट्टीवर होता चिंधू मेंढे. रिझल्ट आता आपोआप स्क्रीनवर दिसतो, पण चिंधूचा स्क्रीनवर विश्वास नाही. सँपल पाठवून मिनिट होत नाही तोच त्याचा फोन.

"टिकारामभाऊ, आला का जी?"

"आला की सांगतो." आणि फोन खाड्‌कन खाली.

सँपलमध्ये बुडबुडा निघाला किंवा आकडे पटले नाहीत, तर "दुसरा पाठव" एवढे दोन शब्द, आणि पुन्हा फोन खाली. कावून, म्हणजे का, कसं, काही नाही. पलीकडे चिंधू शिव्या घालायचा म्हणे, पण त्या ऐकायला टिकाराम फोनवर थांबलाच नाही कधी. "माणसाले धीर पाहिजे," असं मात्र तो डबा खाताना सगळ्यांना सांगायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! स्वतः कोरडा पाषाण आहे हे उघडं पडायला सत्तावीस वर्षं लागली, एवढंच.

उघडं पाडलं त्याच्या पोरीने. हर्षा बारावीत. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, पोरगं गणितात बरं निघालं की इंजिनियरिंगच्या कोचिंगला घालतात, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. हर्षाने अकरावीच्या मध्यावर कोचिंग सोडलं. तिला भाषाशास्त्र शिकायचं होतं, आणि तेही पार दक्षिणेतल्या एका विद्यापीठात, जिथे देशभरातून मोजून चाळीस पोरं घेतात.

"भाषा तर तिले तीन-तीन येतेत, मंग शिकाचं काय राहिलं?" तिच्या आईने, भागीरथाने विचारलं.

टिकारामला उत्तर माहीत नव्हतं. पण पोरगी कोचिंगमधून रोज कसा चेहरा घेऊन घरी येते ते त्याने पाहिलं होतं. त्याने कोचिंग सोडायच्या कागदावर सही करून टाकली. "पोट्टीचं वाट्टोळं करून राहिला तू," असं सख्ख्या साडूने तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ती सही त्याच्या छातीवर बसली होती. पोरीला प्रवेश मिळाला तर बाप शहाणा, नाही तर साडू शहाणा. आणि साडू शहाणा ठरणं टिकारामला या जन्मात परवडणारं नव्हतं.

ऑक्टोबरात हर्षाने पहिल्या फेरीचा अर्ज भरला. जे लवकर अर्ज करतात त्यांचा निकाल विद्यापीठ डिसेंबरातच लावतं. पंधरा तारीख, संध्याकाळी पाच वाजता, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. टिकारामने पहिला फोन केला एक तारखेला.

"सर, रिझल्ट आला की आम्हीच कळवू," पलीकडची बाई म्हणाली आणि फोन बंद.

"काय उद्धट बाई हाय! पुरतं ऐकूनबी नाही घेतलं."

"तुमचीच चेली दिसते जी," भागीरथा भाजी निवडता निवडता म्हणाली.

त्याने रोज फोन केला. हर्षा हात जोडायची, "पापा, प्लीज मत करो, वो लोग पहचान जाएँगे." ओळखू नये म्हणून त्याने एकदा आवाज बदलला. बाईने नाव विचारल्यावर मात्र घाबरला आणि "चिंधू मेंढे" सांगून मोकळा झाला.

प्रयोगशाळेतही चित्त ठिकाणावर नव्हतं. एकच सँपल त्याने तीनदा मशीनवर ठेवला. भट्टीवर बातमी पोचायला कितीसा वेळ! चिंधूचा फोन आला, "आला का जी?"

"हीटचा का पोरीचा?"

"जो आधी येईन तो."

घरी भागीरथाने देव पाण्यात ठेवले होते. पितळी वाटीत बाळकृष्ण गळ्यापर्यंत बुडालेला. टिकाराम तिला हसला, अंधश्रद्धा म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे शिफ्टला निघताना तोच वाटीत पाणी वाढवताना सापडला. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात ते काय खोटं?

पंधरा तारखेला त्याची शिफ्ट दुपारी दोनलाच सुटणार होती. निकाल पाचला. तरी पठ्ठ्याने पूर्ण दिवसाची सुट्टी टाकली. चार वाजता दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, जसं काही विद्यापीठ पोरीला नाही, त्यालाच बघायला येणार होतं. किलोभर पेढे आणून कपाटात लपवले. भागीरथाने विचारलं तर म्हणे, "असेच आणले."

पाच वाजले. लॅपटॉपसमोर तिघं. हर्षाने वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"हो म्हटलं नाही. ना बी नाही म्हटलं." तिचा आवाज बारीक झाला. "मार्चमध्ये पुन्हा बघणार. सहामाहीचे मार्क्स आणि एक नवीन निबंध भेजने को बोला है." मग ती बापाकडे बघून कसंनुसं हसली. "पापा, ये तो तुम्हारा ही डायलॉग है. दुसरा पाठव."

कोणीच हसलं नाही. टिकारामचा पहिला विचार असा, की त्या बाईला फोन करून चांगलं झापावं. हा काय रिझल्ट झाला? आणि दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. पेढे कपाटातच राहिले.

जेवण टाकून हर्षा उठली आणि खोलीच्या दारात थांबली.

"पापा, तुमी दुसरा मागता तेव्हा त्या हीटचं काय होते? फेंक देते हैं?"

"फेकत नाही बेटा."

"तो फिर क्या करते हैं?"

सत्तावीस वर्षांत टिकारामने हे कधी विचारलंच नव्हतं. फोन ठेवला की त्याचं काम संपायचं.

सकाळी शिफ्टमध्ये तिसऱ्याच सँपलात बुडबुडा निघाला. त्याने भट्टीला फोन लावला. "चिंधू, दुसरा पाठव."

आणि फोन ठेवला नाही. चिंधूला काय माहीत! त्याने नेहमीप्रमाणे तोंडाचा पट्टा सोडला, "याच्या मायला, ये लॅबवाला बाबू एसीमें बइठे हे, अना आमाले इथं भाजून राहिला!"

"ऐकून राहिलो मी," टिकाराम म्हणाला.

चिंधूचा आवाज एकदम खाली आला, "भाऊ, आज फोन कावून नाही ठेवला?"

"एक विचाराचं होतं. दुसऱ्या सँपलचा रिझल्ट येईपर्यंत तुमी काय करता?"

"काय करता म्हणजे? हीट थंडी होऊ देत नाही. करंट देतो, खालून ग्यास सोडून हालवत राहतो. एकदा थंडी झाली का मंग रिझल्ट कितीबी चांगला येऊ द्या, ओतता येत नाही." मग चिंधूनेच विचारलं, "पोरीले दुसरा मागितला का जी?"

"हो."

"अना तुमी इथं बसून मले विचारून राहिले?"

दोन वाजता गेटबाहेर पडल्यावर टिकारामने स्कूटर कुठेच थांबवली नाही. घरी आला तर हर्षा रजई ओढून पडलेली, आणि टेबलावर त्याच जुन्या कोचिंगचा कागद. नव्या बॅचच्या तारखेभोवती तिने पेनाने गोल काढला होता. पोरगी परत तिथेच जायला निघाली, हे त्याला कळलं. साडूचा विचार मात्र त्याच्या मनात आला नाही. त्याने कपाट उघडलं आणि पेढ्यांचा डबा तिच्यासमोर ठेवला.

"कशाचे पेढे?"

"खा तू आधी. चिंधूकाका म्हणते, थंडी होऊ द्याची नाही. निबंध आजच सुरू कर. मी बसतो इथं."

"कशावर लिहू पापा? मुझे कुछ सूझ ही नहीं रहा."

टिकाराम खुर्ची ओढून बसला. त्याला भाषाशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून जे होतं तेच त्याने सांगितलं, "आज पहिल्यांदा चिंधूच्या शिव्या ऐकल्या मी. एकाच वाक्यात तीन भाषा होत्या."

रजई हलली. हर्षा उठून बसली. "काय म्हणाला? एकदम वैसाच बोलो, शब्द बदलू नका."

टिकारामने घसा साफ केला आणि पाठ म्हणून दाखवल्यासारखं अख्खं वाक्य म्हटलं, मायसकट.

"अजी!" स्वयंपाकघरातून भागीरथा ओरडली. "पोरीसमोर?"

"अभ्यास हाय तो!"

हर्षा लिहीत होती. कोचिंगचा कागद उलटा करून कोऱ्या बाजूला लिहीत होती, आणि डाव्या हाताने पेढा खात होती. "मराठी, छत्तीसगढी, हिंदी... पापा, तो रागावला की आधी कोणती येते? मग भट्टीवर सगळेच असे बोलतात?"

तेवढ्यात टिकारामचा फोन वाजला. शिफ्ट सुटून चिंधूही घरी पोचला होता.

"भाऊ, आला का जी?"

"आला नाही अजून. मार्च लागते," टिकाराम म्हणाला. "पण तू फोन ठेवू नको चिंधू. हर्षाले तुले काही विचाराचं हाय."