पाणी पाजणारीची रास

तामलवाडीकडून तुळजापूरला चढणाऱ्या जुन्या पायवाटेवर, घाटमाथ्याला दगडांची एक रास आहे. वाटसरूंना पाणी पाजणारी एक बाई तिथं तहानेनंच मेली, असं मला एका म्हाताऱ्या मेंढपाळ बाबांनी सांगितलं होतं. त्यांना ते त्यांच्या आईनं सांगितलेलं. बाटलीतलं घोटभर पाणी राशीवर ओतल्याशिवाय बाबा स्वतः पीत नसत.

एवढीशी गोष्ट पेपरात कोण वाचणार? मी मोठा शहाणा! लेखात त्या बाईच्या हाती तलवार दिली, समोर शत्रूचे घोडेस्वार आणले. लेख गाजला. राशीजवळ तलवारीचं चित्र असलेला फलकही लागला.

परवा पुन्हा वर गेलो. बाबा सहलीच्या पोरांना माझीच गोष्ट सांगत होते, घोड्यांच्या टापांसकट. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माय लई अडाणी होती हो आमची, चुकीचं सांगायची. तुमी छापलं तेच खरं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण पोरं बघत होती. "व्हय," म्हणालो.

बाबांनी बाटली उघडली आणि राशीकडं न बघता सगळं पाणी पिऊन टाकलं.