बिजागरीचा पत्रा

लॉकडाऊनचं नाव निघालं की बाकीकडे लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. या गल्लीत मात्र मेंबरचं नाव निघतं, आणि तेही चांगल्या तोंडानं. मेंबर म्हणजे दोन भावांतला धाकटा. वॉर्डातून निवडून आला तेव्हा पोस्टरवर चेहरा त्याचा होता, पण पोस्टरची लोखंडी फ्रेम थोरल्याच्या हातची, आणि तसली फ्रेम अख्ख्या शहरात दुसरी नव्हती. थोरला वेल्डिंग करतो. शाळा सातवीपर्यंत, पण लोखंडातलं त्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

सरकारच्या धोरणाबद्दल धाकट्याचं मत सरळ होतं. तो म्हणायचा, "बंद बरोबरच आहे. मला विचाराल तर आठ दिवस उशीरच झाला. पण बंद करणाऱ्यांनी नकाशा बघितला, गल्ली बघितली नाही. माणसाला घरात बसवलं की त्याचं दूध, औषध, दवाखाना कुणी बघायचं? तेही बंदचंच काम आहे." पहिलं वाक्य दुकानदारांना झोंबायचं, शेवटचं वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांना. धाकटा दोघांसमोर दोन्ही बोलायचा, एक शब्द न गाळता. छाती लागते त्याला. ती घराण्यातच आहे.

मग गल्लीत तीन पेशंट निघाले आणि आदेश आला की दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून गल्ली पूर्ण बंद करा. काम थोरल्याकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे जाणार? पण त्याच गल्लीत शिंपीकाका राहायचे. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एक पाळी चुकली तरी अंगात पाणी भरायचं आणि श्वास लागायचा. पत्रे ठोकले तर काकांनी जायचं कुठून?

धाकटा वॉर्ड ऑफिसात गेला. सोबत थोरलाही होता.

"साहेब, पत्र्याला एक दार ठेवू."

साहेबांनी आदेशावर बोट ठेवलं. "यात दार हा शब्द कुठं आहे, दाखवा."

"दार नको, हे तरी कुठं लिहिलंय?"

"मेंबर, दाराला सही केली तर वरचे मला घरी बसवतील."

"सगळ्यांनाच बसवलंय, साहेब."

साहेब हसले, पण पेन काही उचललं नाही. तेव्हा थोरल्यानं मास्क जरा वर सारला आणि म्हणाला, "तुम्ही दार म्हणूच नका. बिजागरीचा पत्रा म्हणा. कडी घातली की बंद. पत्रा तो पत्राच."

साहेबांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, कागदावर लिहिला आणि सही केली. एवढे शिकलेले दोघं बसले होते, पण शब्द सापडला तो थोरल्याला. घरी त्यानं हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याची बायको म्हणाली, "एक कडी उरली असेल तर तुमच्या तोंडाला लावून घ्या."

एका दिवसात पत्रे उभे राहिले. बिजागरीचा पत्रा एका बोटानं उघडावा असा हलका झाला. मापाला टेप थोरला कधी लावत नाही, हातच त्याचा टेप.

मंगळवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची गाडी लागली. अकराच्या ठोक्याला काका मशीनवर हवे होते, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. चाकाच्या खुर्चीत बसवून काकूंनी त्यांना आणलं. खुर्ची पत्र्यात शिरली आणि अडकली. दोन बोटांसाठी.

थोरल्यानं चौकटीला वीत लावून बघितली. वर्षानुवर्षं या भागातल्या सगळ्या न्हाण्यांची पत्र्याची दारं त्यानंच केलेली. दोन फुटी. हातानं सवयीनं न्हाणीचं दार करून ठेवलं होतं. काकांना उचलावं तर डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांची नस, तिला धक्का लागायला नको. पायांत तर जीवच नाही.

तेवढ्यात साहेब पोचले. "तरी मी म्हणत होतो. माप कुणी दिलं? त्याचा बंदमध्ये फिरायचा पास आत्ता काढून घेतो."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं उभी होती. थोरल्यानं तोंड उघडलं, पण धाकटा आधी बोलला. "माप मी दिलं. दादानं मी सांगितलं तसं केलं. माझ्या नावानं लिहा, पण त्याला आधी कापू द्या."

साहेब बाजूला सरकले. काकूंनी खुर्ची मागे घेतली. थोरल्यानं जवळच्या टपरीतून वायर ओढली, ग्राइंडर लावला. ठिणग्या उडत होत्या आणि चष्म्याच्या आत त्याचे डोळे भरले होते. ठिणग्यांचं निमित्त बरं. चौकट आठ इंच सरकवली, वर जोडपत्रा मारला. या खेपेला टेप लावला, दोनदा. काका अकराला पाच कमी असताना मशीनवर होते.

दुपारी धाकट्यानं वरच्या साहेबांना पत्र पाठवलं. बंद राहू द्या, पण प्रत्येक बंद गल्लीला खुर्ची जाईल एवढा बिजागरीचा पत्रा ठेवा. चार दिवसांनी तसा हुकूम सगळ्या वॉर्डांना आला. थोरल्याचा शब्द, सरकारी शिक्क्यासकट.

पत्रे निघाले त्या दिवशी थोरला शिंपीकाकांकडे गेला. काका हातानं फिरवायच्या शिलाई मशीनवर उशीची खोळ शिवत होते.

"काकू, एक सांगायचंय. ते माप मेंबरचं नव्हतं. माझं होतं."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मेंबरला साधी फूटपट्टी सरळ धरता येत नाही. पण आपल्या माणसावर यायला लागलं तर मध्ये कसं उभं राहायचं, ते येतं त्याला. असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

"लागतं," थोरला म्हणाला.

काकांनी मशीनवरून मान वर केली. "आणि बाबा, तुझे उपकार?"

"माझे कसले, काका." एवढं बोलून तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. "पण चौकट वीस मिनिटांत सरकवली, ते तेवढं लोकांना सांगत जा. दुसऱ्याला तास लागला असता."