दातात किडा नव्हता

“हा अ‍ॅब्सेस आहे,” नारायणगावच्या दातांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. अ‍ॅब्सेस म्हणजे दाताच्या मुळाशी साठलेला पू. माझी खालची दाढ पोखरली होती आणि सूज जबड्यावरून गळ्याकडे निघाली होती. “अजून दोन दिवस घरी थांबला असतात, तर श्वास अडला असता.”

तोंड बोटभर उघडत नव्हतं. तरी मी म्हणाले, “पण किडे तर काढलेत. सात निघाले. मी डोळ्यांनी बघितलेत.”

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी परत तिथे गेले नसते.

किडे माझ्या सासूबाईंनी काढले होते. आमच्या निमगावात दाढ दुखली की लोक त्यांच्याकडे येतात. पाण्याच्या ताटात मधोमध दगड, दगडावर तापवलेला लोखंडी तुकडा, त्यावर काटेरी भुईरिंगणीच्या झुडपाचं बी आणि तेल. वर नरसाळं धरून धूर तोंडात घ्यायचा. धुरी संपली की पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगतात. सासूबाई कोणाकडून काही घेत नाहीत. त्यांच्या हाताला गुण आहे, असं मीही मानत होते.

धुरीने कळ थांबली. चौथ्या दिवशी गाल फुगला. टोमॅटोची तोडणी चालू होती, मी फडकं बांधून तोडतच राहिले. सहाव्या दिवशी ताप भरला. सासूबाई म्हणाल्या, “एखादा ऱ्हायला आसंल आत. परत लावू धुरी.”

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही बोलता येत नव्हतं. मानेनेच नाही म्हटलं आणि एसटीत बसले.

एक्स-रे निघाला. जबडा बधिर करून पू काढला. पाच दिवस अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणाऱ्या गोळ्या. मग रूट कॅनाल. त्यात दाताच्या मुळातली सडलेली नस काढून पोकळी भरतात. दाढ काढावी लागत नाही. चार फेऱ्या झाल्या.

बाकावर बसून बसून भिंतीवरचं एक चित्र ओळखीचं झालं. केसांचा टोप घातलेला गोरा माणूस. तिसऱ्या फेरीला धीर करून विचारलं, “हे तुमचे गुरू का?”

“आमच्या सगळ्यांचेच,” मॅडम म्हणाल्या. तीनशे वर्षांपूर्वी हे फ्रान्स देशात होते. तरुणपणी लढाईच्या जहाजावर होते, तिथे खलाशांची सडलेली तोंडं बघून हे काम शिकले. तेव्हा दात काढणारे जत्रेत बसत, दुखणाऱ्याला जमिनीवर बसवून डोकं गुडघ्यांत धरत. यांनी त्याला खुर्चीवर बसवलं. बाकीचे आपली विद्या लपवत. यांनी सगळी मोठ्या पुस्तकात लिहिली, कोणीही वाचावी म्हणून. तिकडेही लोक किडा मानत. यांनी भिंगातून बघितलं आणि लिहिलं, मला किडा दिसला नाही.

“मग आमच्या ताटात काय पडतं?”

“बी तुमच्याच घरी आहे. कोणाचं तोंड न धरता धुरी लावून बघा.”

रविवारी लोणीहून एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. पोरीचा गाल माझ्यासारखाच फुगलेला. सासूबाईंनी ताट मांडलं. मी नरसाळं उचलून बाजूला ठेवलं.

“आत्या,” मी सासूबाईंना म्हणाले, “आधी तोंड न धरता धुरी लावा.”

“दाढ काय भरली, जीभ बी नवी बसवून आली व्हय?” सासूबाई म्हणाल्या. लोणीच्या बाई हसल्या.

“तोंडच नाय तर किडा यायचा कुठनं?” मी म्हणाले. “नाय पडला, तर मी पुन्यांदा बोलायची नाय.”

मीच बी टाकलं, तेल सोडलं, धूर नुसता आढ्याला गेला. मग पाण्यात बघितलं. नऊ पडले होते. बी तडकून त्यातले कोंब बाहेर आले होते, बाकी काही नाही.

सासूबाई बोटाने एकेक उलटून बघत राहिल्या. “मग तीस वर्सं मी लोकांच्या तोंडातनं काय काढलं?”

त्या फसवत नव्हत्या. माझ्याइतकाच त्यांचाही विश्वास होता. म्हणून मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. तरी ताट उचलून मी गोठ्यामागे ओतलं आणि त्या पोरीला घेऊन बसस्टँडवर गेले. तिचीही दाढ वाचली.

बायांनो, गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना झालं, तर कोणाचा मान राखत घरी बसू नका. घरचे रागावतील. रागावू द्या.

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी चुलीपुढे येऊन बसल्या, गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुझ्या त्या मॅडमला इचार, म्हातारीची दाढ बघत्याल का.”