गोल झाल्यावर काय वाजलं?

गोल कोणी मारला, हे आमच्या मंडळींना दुसऱ्या वर्षी आठवत नाही. पण गोल झाल्यावर काय वाजलं आणि त्यावरून कोण कोणाशी भांडलं, ते विचारा! एक जण सुरू करतो, दुसरा त्याला मध्येच तोडतो, "अरे तसं नाय, आधी हे झालं," आणि चहा गार होतो. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात स्टीलचे डबे साठतात ना, तसे साठत जातात.

आमची मंडळी म्हणजे गारखेड्याच्या पुढच्या मैदानावर दर रविवारी सकाळी फुटबॉल खेळणारा क्लब. मी आठवडाभर बँकेत आणि रविवारी लेफ्ट बॅक. गुडघा गेल्यावर हातात माइक घेतला आणि अनाउन्सर झालो. पावसानं पाठ फिरवलेली ती वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसायचं, आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडं पळत सुटलेलं. मैदानावर गवताची काडी नव्हती. कोणी घसरून टॅकल मारली की धूळ बसेपर्यंत बॉल कुठंय ते रेफरीलाही दिसायचं नाही.

*

म्युझिक आणलं सलीमभाईंनी. सलीमभाई आमचे जुने गोलकीपर, धंदा मंडप आणि साऊंडचा. दुष्काळामुळं लग्नं कमी झाली, जी झाली ती गच्चीवर उरकली जायला लागली. त्यांचे मोठाले स्पीकर गोदामात पडून. एका रविवारी ते टेम्पोत घालून सरळ मैदानावर आणले.

"देशपांडे साब," ते मला म्हणाले, "टीव्ही पे देखो. गोल हुआ की स्टेडियम में गाना बजता. अपने यहां गोल हुआ तो क्या होता? कुत्ता भी नहीं भौंकता!"

पहिली मॅच दौलताबादच्या टीमशी. आमचा स्ट्रायकर इम्रान, त्यानं लांबूनच ठोकला. गोल! सलीमभाईंनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पण पेन ड्राइव्ह आदल्या लग्नातलाच राहिलेला. मैदानभर भटजींचा खणखणीत आवाज घुमला, "शुभमंगल सावधान!" आणि पाठोपाठ बँड.

इम्रान नाचायला एक पाय उचलून तसाच उभा राहिला. दौलताबादचा गोलकीपर जाळ्यातून बॉल काढता काढता ओरडला, "सावधान आधी म्हणायचं असतं, राव!"

*

या सगळ्याला कडाडून विरोध होता तो जोशी सरांचा. सर म्हणजे गणिताचे रिटायर्ड शिक्षक आणि क्लबचे सगळ्यात जुने प्रेक्षक. घरून घडीची खुर्ची आणायची आणि मधल्या रेषेच्या बरोबर समोर बसायचं. आपल्या टीमला रागवायचं, समोरच्या टीमलाही रागवायचं.

चहाच्या टपरीवर मीटिंग बसली. सर म्हणाले, "गोल झाला की माणसाच्या घशातून जो आवाज निघतो, तेच म्युझिक! त्याच्यावर गाणं लावणं म्हणजे पुरणपोळीवर सॉस."

"सर, आपल्याकडं प्रेक्षक किती?" इम्रान म्हणाला. "तुम्ही, हा चहावाला आणि आमचे बदली खेळाडू. एवढ्यांच्या घशातून किती निघणार?"

"वोइच बोल रहा मैं," सलीमभाई म्हणाले. "टीव्हीवाले स्टेडियम में हजारों लोगां रहते. उनकू गाने की जरूरत च नहीं. जरूरत तो अपनेकू है!"

मनातून मी सरांच्या बाजूनं होतो. पण माइक सलीमभाईंचा होता, म्हणून गप्प बसलो.

शेवटी तोडगा काढला हाजीसाबांनी. खुलताबादला त्यांचं अत्तराचं दुकान, पण रविवारी मॅचला हजर. ते शांतपणे म्हणाले, "पहले लोगां कू चिल्लाने दो. सबकी सांस खतम हुई की बजाओ." दोन्ही पक्षांना पटलं. त्याचं नावच पडलं, 'सांस का रूल'.

पुढच्या रविवारी इम्राननं गोल मारला. सगळे ओरडले, सगळ्यांचा दम संपला. सलीमभाईंचं बोट बटणावर. पण सरांचं "गोऽऽऽल" चालूच! चेहरा लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या, मध्ये एक खोकला, परत "गोऽऽऽल!" रेफरीनं बॉल मध्यावर ठेवून खेळ सुरू केला, तेव्हा कुठं सर थांबले.

मी पाण्याची बाटली घेऊन पळालो. "सर, अहो, काही झालं असतं म्हणजे!"

सर घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "वाजलं का? नाही ना? मग झालं तर!"

*

ऑफसाइडचा किस्सा छोटा आहे.

इम्राननं बॉल जाळ्यात घातला, सलीमभाईंनी जोशात लगेच गाणं लावलं. सगळी टीम कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नाचायला लागली. गोलकीपरसुद्धा आपलं घर सोडून नाचायला आला! इकडं लाइन्समन झेंडा वर करून उभा. रेफरीनं शिट्टी मारली, पण त्या धडधडाटात ऐकतंय कोण? समोरच्यांनी फ्री किक घेतली, बॉल पुढं सरकवला आणि रिकाम्या गोलमध्ये आरामात नेऊन ठेवला.

आमचे अजून नाचतायत!

कळल्यावर इम्रान तणतणत आला. "भाई, गाना बंद तो करते!"

सलीमभाई म्हणाले, "बंद करनेकू गया, तो उनका गोल हो गया. अब गोल पे बंद कैसे करना?"

*

मग सरांनी एक पाऊल मागं घेतलं. "गाणं नको, फार तर एकदा हॉर्न वाजवा," म्हणाले. सलीमभाईंनी कुठल्याशा ट्रकचा प्रेशर हॉर्न मिळवला आणि स्पीकरला जोडला. आवाज असा की कबुतरं उडून गेली.

मैदानाला लागून तेव्हा नवीन कॉलनी झालेली. घरं झाली, गेट झालं, गेटवर कमानही झाली, फक्त पाइपलाइन यायची राहिली होती. सगळा भार टँकरवर. टँकर आला की हॉर्न मारायचा आणि बायाबापड्या हंडे घेऊन धावायच्या.

गोल झाला. सलीमभाईंनी हॉर्न मारला. आणि कॉलनीचं गेट धाडकन उघडलं! हंडे, बादल्या, निळे ड्रम, एकाच्या खांद्यावर पाइपाचं वेटोळं. सगळ्यांच्या पुढं काळे काकू, पदर खोचलेला, दोन्ही हातांत कळशा.

"कुठाय टँकर?"

माइक माझ्या हातात, त्यामुळं उत्तर मलाच द्यावं लागलं. "काकू, टँकर नाही आला. गोल झालाय."

काळे काकूंनी मैदानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "गोल प्यायचा का आम्ही?"

इम्रान मान खाली घालून उभा, जसा काही त्यानं गोल मारून गुन्हाच केला.

आता बाहेर पडलोच आहोत म्हणून बाया तिथंच बादल्या उपड्या घालून मॅच बघत बसल्या. हळूहळू रंगल्याही. थोड्या वेळानं पुन्हा हॉर्न वाजला. काळे काकू शेजारणीला म्हणाल्या, "बघ, झाला परत एक!" आणि टाळ्या सुरू.

बॉल तर मधल्या रेषेवर होता. टँकर आलेला, आणि कोणी हलेना म्हणून ड्रायव्हर तो परत वळवत होता!

मग जी पळापळ झाली! टँकरपर्यंतचा जवळचा रस्ता थेट मैदानातून. रेफरीनं मॅच थांबवली. टँकरच्या पुढं पळत जाऊन हात आडवे करून तो अडवला आमच्या गायकवाडनं, आणि मग दोन्ही टीमचे खेळाडू ड्रम उचलायला लागले. त्या दिवशी हॉर्न कायमचा गेला. काळे काकू मात्र दर रविवारी यायला लागल्या.

*

हॉर्न गेला आणि गाणी परत आली. आता तर प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं. ज्यानं गोल मारला त्याचं वाजायचं.

तोपर्यंत मैदानाच्या दुसऱ्या बाजूला टॉवर उभा राहिला. लोक राहायला आले आणि सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन खाली उतरले. "एकच रविवार मिळतो हो आम्हाला झोपायला!"

म्हणणं रास्त होतं. पुढच्या रविवारी म्युझिक बंद. सर इतके खुश की त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या डब्यातली चकली दिली.

मॅच अर्ध्यावर आली तेव्हा वरून हाक आली. बघतो तर बाल्कनीत तेच सेक्रेटरी, बनियनवर.

"अहो अनाउन्सर! किती झाले?"

"दोन-एक!"

"कोणी मारले?"

"दोन्ही इम्राननं!"

"मग वाजवलं का नाही? बायको पोळ्या करता करता गाण्यावरून स्कोअर ओळखते. मघापासून मला विचारतेय, मी काय सांगू?"

"आणि तुमची झोप?" मी विचारलं.

"झोप दुपारी काढतो हो! तुम्ही लावा!"

सरांनी उरलेल्या चकल्या डब्यात ठेवल्या आणि झाकण घट्ट लावलं.

*

गायकवाडचं नाव वर आलंच आहे. चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर काम, आणि आमच्याकडं स्टॉपर. त्याच्या अंगावरून बॉल जायचा नाही. पण आयुष्यात गोल मारलेला नाही. तरी त्यानंही सलीमभाईंकडं आपलं म्युझिक देऊन ठेवलेलं. गाणं नव्हतं ते. त्याचे वडील गावात हलगी वाजवायचे, त्याचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग. वडील आता राहिले नव्हते.

"म्या गोल मारीन तव्हा वाजवा," त्यानं सांगितलेलं. मॅच संपली की सलीमभाई त्याला विचारायचे, "आज भी नहीं?" तो हसून मान हलवायचा. "पुढच्या टायमाला."

मग एका स्पर्धेची सेमी फायनल आली. समोरच्यांचा कॉर्नर आला. गायकवाड बॉल बाहेर काढायला उंच उडाला, बॉल त्याच्या डोक्याला लागला आणि आमच्याच जाळ्यात गेला.

गायकवाड जमिनीवर बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून. समोरच्या टीमलाही आनंद करावा का नाही, कळेना.

आणि स्पीकरमधून हलगी कडाडली!

मी धावलो. "सलीमभाई, काय करताय? आपल्यावर गोल झालाय!"

"मालूम है," सलीमभाई म्हणाले. "लेकिन मारा किसने?"

गायकवाडनं डोकं वर केलं. थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग उठला, डोळे पुसले, चड्डीवरची धूळ झटकली आणि आमच्याच गोलसमोर असा नाचला, असा नाचला, की समोरचा स्ट्रायकर येऊन त्याच्यासोबत ठेका धरायला लागला. म्युझिकवाले आणि म्युझिकविरोधी, सगळे टाळ्या वाजवत होते. सरही!

मॅच आम्ही त्याच गोलनं हरलो. जाताना गायकवाड सलीमभाईंना म्हणाला, "बापाची हलगी येवढ्या मोठ्यानं म्या पहिल्यांदाच ऐकली. लई झकास वाजीवलं." मग गाडीला किक मारता मारता म्हणाला, "आता तिकडच्या जाळ्यात मारतो एकदा."

*

आणि एक त्या मॅचचं. कर्णबधिर मुलांच्या शाळेची टीम आमच्याशी फ्रेंडली खेळायला येणार होती. मोठ्या वर्गातली पोरं, चांगली दणकट. सलीमभाई सकाळपासून अस्वस्थ. "उनके सामने गाना बजाना अच्छा नहीं लगता, देशपांडे साब. स्पीकर लाऊंच नक्को क्या?"

सर म्हणाले, "आज पहिल्यांदा तू शहाण्यासारखं बोललास."

पण शाळेच्या वैशाली मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नेहमी जसं करता तसंच करा. आमच्यासाठी काही बदलू नका." रेफरीनं तेवढं शिट्टीबरोबर रुमाल हलवायचं ठरवलं. आणि टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, हे मॅडमनी आम्हाला शिकवलं. काळे काकूंनी लगेच सगळ्या बायांकडून तालीम करून घेतली.

पहिला गोल इम्रानचा. सवयीनं सलीमभाईंचं बोट बटणावर गेलं आणि गाणं वाजलं. लगेच त्यांना ओशाळल्यासारखं झालं. पुढं त्यांनी मशीनच बंद केलं, वर टॉवेल टाकला आणि हात मागं बांधून उभे राहिले.

मग त्यांच्या कॅप्टननं गोल मारला. काय गोल होता! आमच्या गायकवाडला उजवीकडं जातो असं दाखवलं, डावीकडून निघाला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद टाकला. सगळं मैदान उभं राहिलं. सगळ्यांचे हात वर, हलणारे. बाल्कनीतल्या सेक्रेटरींचे, त्यांच्या बायकोचे पिठाचे हात. मैदानावर एवढी शांतता मी कधी बघितली नव्हती. सरांचे डोळे भरून आले.

कॅप्टन पळत होता, तो मध्येच थांबला. पायाखाली बघितलं. मग वळला आणि तरातरा सलीमभाईंकडं आला. स्पीकरकडं बोट, इम्रानकडं बोट, स्वतःच्या छातीवर बोट. पोरगा चिडलेला दिसत होता. सलीमभाई घाबरून मॅडमना शोधायला लागले.

मॅडम धावत आल्या. "तो विचारतोय, त्यांच्या गोलला वाजवलं, माझ्या गोलला का नाही?"

"इसकू कैसा मालूम, बजा करके?"

"जमीन हादरते ना, पायांना कळतं की त्यांच्या."

सलीमभाईंनी टॉवेल बाजूला फेकला आणि बटण दाबलं. कॅप्टननं दोन्ही तळहात स्पीकरच्या खोक्यावर टेकवले आणि डोळे मिटले. बाकीची पोरं आली. सगळ्यांनी हात टेकवले. ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी पुढच्याच्या पाठीवर हात ठेवले. जोशी सर खुर्चीवरून उठले, सावकाश चालत आले आणि पोरांच्या मागं उभे राहिले.

एवढ्यात कॅप्टननं डोळे उघडले. कपाळाला आठी. मॅडमकडं बघून त्यानं हातानं काहीतरी खूण केली.

"काय म्हणतोय?" सरांनी काळजीनं विचारलं. "बंद करायचं का?"

मॅडमना हसू आवरेना.

"नाही सर. तो म्हणतोय, आवाज कमी आहे!"