आराम करा आणि आराम पडला

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर बोटं ठोकली, नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, “प्लुरसी आहे.” फुप्फुसाभोवती पातळ पिशवी असते, तिच्यात पाणी साचतं, असं त्यांनीच समजावलं. बरगडीत कळ का मारते आणि श्वास अर्ध्यावर का अडतो, ते तेव्हा कळलं. पाठोपाठ दुसरं वाक्य आलं. “वय काय तुमचं, चाचा? आता सायकल विसरा.”

आजारापेक्षा हेच मला जास्त लागलं.

मी इंदापूरचा मणेर. बांगड्यांचं ओझं खांद्यावर घेऊन उभा जन्म बाजारोबाजार पायी हिंडलो. साठी उलटल्यावर धंदा मुलाच्या, युसूफच्या, हाती दिला आणि जुनी सायकल घेऊन शिकलो. गुडघे फुटले, विजार साखळीत फाटली, म्हातारचळ लागला म्हणून गाव हसलं. बायको अमीना तर आठ दिवस बोलली नाही. म्हाताऱ्यानं ओट्यावर बसून अल्लाचं नाव घ्यावं म्हणे. अहो, ते सायकलवरही घेता येतं; चढावर तर आपोआप तोंडात येतं.

बारामतीच्या दवाखान्यात मला पुढं वाकवून बसवलं आणि बरगड्यांमधून जाड सुई घालून पाणी काढलं. सुईपेक्षा तिची वाट बघणं वाईट, हे ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगून ठेवतो. पुढं ताप उतरला, पण उठलो की धाप लागे. सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “महिनाभर पूर्ण आराम.” सोबत आलेले शेजारी अण्णाराव निरोप सांगायला पुढं गेले. दुसऱ्या दिवशी मी निघालो.

घरासमोर गाडी थांबली तर गल्लीतली पोरंबाळं मलिदा खात उभी!

झालं होतं असं. मला आराम पडला की पीराला मलिदा, असा अमीनाचा नवस होता. अण्णारावांनी दारातूनच सांगितलं, “भाभी, डाक्तर म्हणालं, चाचाला पूर्ण आराम.” आमच्याकडं आजाऱ्याला ‘आराम हाय का?’ विचारतात, म्हणजे बरं वाटतंय का. तिनं तोच अर्थ घेतला आणि दर्ग्यात जाऊन मलिदा वाटून आली.

एवढ्यावर थांबली नाही. युसूफनं त्याच दिवशी सायकलीला गिऱ्हाईक बोलावलं होतं. त्याला तिनं वाटेला लावलं होतं. “मानसाला आराम पडलाय. सायकल कशापायी इकू?”

खरा अर्थ कळल्यावर युसूफ वैतागला. “अम्मी, आराम म्हंजी पडून ऱ्हायचं! बरं झालं न्हाईत ते अजून.”

“मलिदा वाटून झालाय,” अमीना म्हणाली. “आता पीराफुडं शब्द माघारी घेऊ व्हय?” मग माझ्याकडं वळली. “तुमी आता बरं व्हायलाच पायजे.”

सायकलीवरून माझ्याशी अबोला धरणारी ही बाई. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

महिनाभर मी खरंच पडून राहिलो. डॉक्टरांचा तो शब्द मोडला नाही, तुम्हीही मोडू नका. पण आजारासाठी आडवं व्हा, वयासाठी होऊ नका. सायकल मी बाजेवरून दिसेल अशी भिंतीला टेकवून ठेवायला लावली होती. महिन्यानंतर आधी ती हातात धरून चाललो, मग बसलो. पुन्हा शिकताना गाव पुन्हा हसलं. हसेना का!

तपासणीला बोलावलं तेव्हा आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं बारामतीला गेलो. सायकल टपावर. अड्ड्यावरून अमीनाला टांग्यात बसवलं आणि मी टांग्यापुढं पायडल मारत दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी पाठ ठोकली. पाणी नव्हतं. मग खिडकीतून त्यांना सायकल दिसली.

“चाचा, आराम करा म्हटलं होतं!”

“केला साहेब. आणि पडलापण.”

त्यांनी अमीनाकडं पाहिलं. “हे कुणाचं ऐकत नाहीत का हो?”

अमीनानं पदर सावरला. “न्हाईत ऐकत. म्हनून तर वाचलं.”