गोदाबाईच्या घरची भिंत

सुईणीचं काम सोडून कैक वर्षं झाली, पण किस्से काही मला सोडत नाहीत. केनवडच्या बाया अजून म्हणतात, "मावशी, सांगा ना एखादा!" एखादा कुठला सांगू? एका गोदाबाईच्या घरचेच पोतंभर आहेत. त्या हसतात, मी दमते. शाळा मी बाहेरूनच पाहिली, अक्षरं किराण्याच्या पुड्यांवर शिकले. तेव्हा चुकलं तर गुमान वाचा!

गोदाबाईची सून शेवंता. तिची दोन लेकरं आठ दिवसही जगली नाहीत. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नखं पार पांढरी. चुलीमागच्या भिंतीची माती खरवडून खायची; वाटीएवढा खळगा पडला होता. अंगात लोह कमी पडलं की बाईला माती गोड लागते. गोदाबाई ओरडायची, "माह्या घरात असं कोणंच केलं नाही!"

मी ठरवलं, हे लेकरू जगवायचं.

*

गोदाबाई सुनेला अर्धीच भाकर वाढायची. म्हणे, "पोर मोठं झालं तं अडन ना वो!"

मी म्हटलं, "मोठं पोर काढाचं काम माहं. लहान पोर जगवाचं काम तुमचं होतं. दोनदा जमलं का?"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही!

*

तालुक्याच्या डाक्टरानं लोहाच्या टॉनिकची बाटली दिली. पंधरा दिवसांनी बघते तर बाटली रिकामी, आणि शेवंता तशीच पांढरी! तेवढ्यात तिचा नवरा किसन परसाकडून धावत आला.

"मावशी वो, माहं आतडं जळालं! सारं काळंच होऊन राह्यलं!"

लोहानं तसंच होतं. म्हटलं, "औषध तू पेला, आता बाळंतबी तूच हो!"

*

मग मी बाटलीचा नाद सोडला. गोदाबाईला म्हटलं, चवळाईची भाजी लोखंडी कढईत, चिंच घालून शिजवा. भाजी झाली कोळशासारखी. गोदाबाईनं नाक मुरडलं.

"मी नाही खात, किसनालेबी नाही देत. खाऊ दे हिलेच सारी!"

मी तोंडाला पदर लावला. हेच तर पाहिजे होतं!

*

बांगड्या भरणारी जैनबबी रिसोडहून यायची. शेवंताचा हात धरून कळवळली, "हाय बेटी, ये चूडी तो कोहनी तक चढ रही!" तेव्हापासून तिच्या टोपलीत बांगड्यांखाली तिळाचे लाडू. गोदाबाईला वास लागला.

"दर आठवड्याले चुड्या कायले वो?"

जैनबबी म्हणाली, "माप बदलून राह्यलं ना बाई!"

आणि खरंच बदलत होतं.

*

मुलगी झाली. अशी रडली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली! आठ दिवस गेले, दहा गेले. बारशाच्या आदल्या दिवशी मी गोदाबाईला म्हटलं, "आता तरी तो खळगा बुजवा."

ती चिखल घेऊन बसली. भिंत ओली केली, तर बाजूचा पोपडा गळून पडला. आत दुसरा खळगा. जुना, गुळगुळीत. कडेला तशाच बोटांच्या रेघा.

शेवंता लेकराला पाजता पाजता थांबली.

मी विचारलं, "हा कोणाचा वो?"

गोदाबाईनं चिखलाचा गोळा त्यात दाबला. मान वळवली नाही.

"बुजवला होता म्या. किसनाच्या वक्ती."

मग हात धुतले. दुपारी काळी भाजी तिनं सुनेला वाढली, अन् उरलेली आपल्या ताटात घेतली.